अंडी कोणी खाल्ली याच्या खुलाशासह माझी निरवानिरव

लिहून ठेवणार: श्रीमती चिमणाबाई गणपतराव कापरे, वय ७२, धंदा शेती व कोंबड्या, राहणार कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर.

माझी बुद्धी व स्मरण शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण वकील म्हणाले, गुडघे कायद्याला लागत नाहीत. मला कोणी दम दिलेला नाही, गोड बोलून काही लिहूनही घेतलेले नाही. माझ्यामागे कोणाला काय जावे ते मी राजीखुशीने सांगते आहे आणि वकील लिहीत आहेत.

१. राहते घर व मागचे परसू माझा एकुलता मुलगा विजयसिंह यास. तो कोल्हापुरात नोकरीस असतो. खुराडे मोडून तिथे मोटार लावायची नाही, एवढी अट.

२. माझ्या पाटल्या सून संयोगिता हिला. तिने माझ्या स्वयंपाकाला कधी नाव ठेवले नाही. तोंड वाकडे केले, ते मी सोडून दिले.

३. फौजदार नावाचा कोंबडा विजयसिंहासच. तो पोटऱ्यांवर चोच मारतो. विजयसिंह दर दिवाळीला म्हणतो, "आई, ह्याचा रस्सा करूया की." करायचा नाही. कोंबडा अंगावर आला तर पळू नये, काठीही उगारू नये. त्याने तो जास्तच पेटतो. धरून काखेत घ्यावा आणि गप्प होईतो परसात हिंडवावा. मी महिनाभर रोज हिंडवला. आता मला चोच मारत नाही, नुसता बघून ठेवतो.

४. बाकीच्या अकरा कोंबड्या संयोगितेस. पैकी लालीबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे.

चार वर्षांपूर्वी खुराड्यातली अंडी नाहीशी होऊ लागली. टरफलसुद्धा सापडेना. शेजारीण रत्नव्वा सोमशेखर पट्टणशेट्टी हिच्या आणि माझ्या परसात कमरेएवढी भिंत आहे. रत्नव्वा पलीकडे धुणे वाळत घालत होती. मी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, "अंड्यांस्नी काय पाय फुटत न्हाईत."

ती लिंगायत. तिच्या घरी अंडे कधी शिजले नाही, हे मला तीस वर्षांपासून ठाऊक. ती म्हणाली, "चिमणाक्का, मी अंडं हातात बी धरत न्हाई."

मी म्हणाले, "खात नसशील. इकत असशील."

तेव्हापासून आमचे बोलणे बंद झाले. त्याआधी रोजचा दुपारचा चहा एकत्र होता.

आठ महिन्यांनी मी डोळ्यांनी बघितले. लाली अंडे घालून उठली, वळली, फोडले आणि टरफलासकट खाल्ले. मी एका टरफलात लवंगी मिरचीची पूड भरून ठेवली. तीही तिने खाल्ली आणि आणखी आहे का म्हणून माझ्याकडे पाहिले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "कोंबडीला तिखट लागत न्हाई, मावशी. तिला चुना कमी पडलाय." मग दाण्यात शिंपल्यांचा चुरा घातला आणि अंडी घालायच्या पाटीत अंड्याएवढी गारगोटी ठेवली. गारगोटीवर चोच आपटून पंधरा दिवसांत लाली सुधारली. संयोगितेने चुरा बंद करू नये आणि अंडी वेळेवर उचलावीत.

मी मात्र सुधारले नाही. रत्नव्वाला सांगायला दोनदा भिंतीपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा कोथिंबीर खुडून परत आले.

५. म्हणून येथे लिहून देते की, अंडी लालीने खाल्ली. रत्नव्वाने घेतली नाहीत. मी तिला नाहक चोर म्हटले, त्याची माफी मागते. भिंतीलगतचे लिंबाचे झाड माझ्यामागे तिला द्यावे.

दुरुस्ती: येथवर लिहून झाल्यावर दुसरा साक्षीदार हवा म्हणून वकिलांनी मला न विचारता भिंतीवरून रत्नव्वालाच हाक मारली. ती आली. वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाली आणि सगळे वाचले. पाचवे कलम बोट ठेवून दोनदा वाचले.

"हे सांगायला मरायची वाट बघत हुतीस व्हय?"

वकील म्हणाले, जिला झाड मिळणार तिने साक्षीला सही करू नये. दोन्हींपैकी एक निवडा.

"झाड खोडा," रत्नव्वा म्हणाली. "ही मेल्यावर लिंबं घिऊन मी काय करू? आन् चिमणाक्का, चहा टाक. चार वर्सांचा ऱ्हायलाय."

सबब पाचव्या कलमातील झाडाचे वाक्य रद्द समजावे. माफीचे कायम आहे.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे.

सही: चिमणाबाई गणपतराव कापरे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. गुंडू बापू मगदूम
२. रत्नव्वा सोमशेखर पट्टणशेट्टी (चहा घेऊन सही केली)

ठिकाण: कोडोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४