पाय ज्याचे त्यानं धुवावेत

सर,

तुमच्यावरचा लेख मी काल परत मागवला. तुमच्या स्मृतिग्रंथात आता आमच्या गावाबद्दल काही असणार नाही, आणि त्याला कारण मी आहे. ग्रंथाचं काम तुमचे एक जुने विद्यार्थी बघतात. तुम्ही ज्या सेमिनरीत धर्मशास्त्र शिकवत होतात, तिथंच ते आता शिकवतात. माणूस सज्जन आहे. फोनवर त्यांनी आधी आईची तब्येत विचारली, मग कॉलेजातल्या परीक्षांचं विचारलं, मग घसा साफ केला. "ताई, लेख फार मनापासून उतरलाय. फक्त ते पाय धुण्याचं जिथं येतं ना, तिथं तुमचे वडील उठून जातात, तेवढं गाळता येईल का? सरांनी दोन्ही बाजूंना एकत्र बसवलं, पुढे रस्ता मोकळा झाला. एवढंच ठेवलं तरी खोटं काही होत नाही." मी म्हटलं, खोटं होत नाही, पण रस्ता आपोआप मोकळा झाल्यासारखा होतो. ते अगदी हळू म्हणाले, "ग्रंथ सरांच्या आयुष्यावर आहे ना, ताई. तुमच्या वडिलांच्या नाही." त्यावर मी लेख परत द्या म्हटलं. रागानं म्हटलं नाही. नंतर रोजनिशीत तसं लिहायला घेतलं, तेव्हा 'रागानं नाही' हे शब्द खोडावे लागले.

तुम्ही आलात तेव्हा मी सातवीत होते. तुमच्या बाई अलिबागच्या इस्पितळात नर्स म्हणून लागल्या होत्या, आणि तुम्ही सेमिनरीतून निवृत्त होऊन त्यांच्यामागून आलात. पुरुष बायकोच्या नोकरीमागे येतो हेच आमच्या वस्तीला पहिलं नवल. समुद्राकडच्या नारळी-पोफळीच्या वाडीत, वाडीच्या मालकांचंच एक घर तुम्ही भाड्यानं घेतलं होतं. तुम्ही पाद्री नव्हतात, तरी गाव तुम्हाला पाद्रीबाबा म्हणायचं. तुम्ही स्वतःला मेनोनाइट म्हणवायचात; ते म्हणजे काय, असं मी विचारलं होतं. तुम्ही तव्यावर तांदळाच्या पिठाचा चीला पसरत होतात. तुमच्या छत्तीसगडचं ते धिरडं तुमच्या स्वयंपाकघरात तुम्हीच करायचात, बाईंचं गोल व्हायचं नाही म्हणून. "ख्रिश्चनांतली हट्टी माणसं," तुम्ही म्हणालात. "बंदूक धरत नाहीत, शपथ घेत नाहीत, शेजाऱ्यावर कोर्टात जात नाहीत. आणि बाप्तिस्मा कळायला लागल्यावर स्वतःच्या मर्जीनं घेतात." मी म्हटलं, आमची आजीपण मोठी झाल्यावरच बौद्ध झाली, स्वतःच्या मर्जीनं. तुम्ही उलथनं हातात तसंच धरून माझ्याकडे बघत राहिलात आणि चीला करपला. बाई आतून ओरडल्या, "धर्मचर्चा झाली की एक जळतोच!"

त्या वर्षी मालकांनी वाडीला तारेचं कुंपण घातलं. वाडीतून समुद्रकाठच्या मसणवट्याकडे जाणारी वाट आमच्या वस्तीची प्रेतं नेण्याची वाट होती, दुसरी नव्हती. मग आमच्या आळीतली एक म्हातारी वारली. तिला हमरस्त्यानं, एसटी आणि रिक्षांच्या मधून, सगळ्या गावाला वळसा घालून न्यावं लागलं. परत येताना पोरांनी तार तोडली, मालकांच्या गड्यांनी पोरांना मारलं, एकाचं डोकं फुटलं. आणि तुम्ही दोन्ही बाजूंना तुमच्या पडवीत बोलावलंत.

तुम्हाला त्या वेळी काय वाटत असेल ते मला आता समजतं, आणि समजतं म्हणूनच लिहिते. तुमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीआधी एकमेकांचे पाय धुतात. तुमची आई मिशनच्या दवाखान्यात झाडू मारायची, आणि एका वर्षी तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईनं प्रार्थनेत गुडघे टेकून तिचे पाय धुतले होते. हे तुम्ही मला सांगताना तुमचा आवाज प्रत्येक वेळी बदलायचा. तुम्ही पाय धुण्याच्या त्याच एका भांड्यातून सगळं धर्मशास्त्र काढलंत असं मला वाटतं. शांतीवर लिहिलेली तुमची सगळी पानं तिथूनच निघाली. पण सर, त्या दिवशी तुमच्या आईचे पाय धुतले गेले होते. तिला कोणाचे पाय धुवायला कोणी सांगितलं नव्हतं. हा फरक तुमच्यासारख्या माणसाच्या लक्षात कसा आला नाही?

पडवीत एक खुर्ची आहे, पुढे तांब्याचं घंगाळ, कोमट पाणी, बाईंच्या हातात पांढरा टॉवेल. मी दारात उभी आहे. तुम्ही तुमच्या त्या हिंदीमिश्रित मराठीत समजावून सांगताय, की भांडण नंतर बोलू, आधी मालक आणि माझे बाबा एकमेकांचे पाय धुतील. माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, वस्तीच्या वतीनं तेच आलेले. मालक क्षणभर विचारात पडतात. मग खुर्चीत बसतात, धोतर वर घेतात आणि दोन्ही पाय पुढे करतात.

त्यात कपट नव्हतं. हे मी लेखातही लिहिलं होतं. पाय धुवायचे म्हटल्यावर त्यांनी पाय पुढे केले, कारण त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तसंच होत आलेलं. बाबा हलले नाहीत तेव्हा ते जरा खुलासा केल्यासारखं म्हणालेसुद्धा, "अरे, आधी तू कर, मग मी करतो. बिघडलं काय त्यात?"

बाबा म्हणाले, "माझ्या आज्यानं तुमच्या अंगणात पाव्हण्यांचे पाय धुतलेत. तवा कोन टावेल घेऊन उभं न्हवतं." मग तुमच्याकडे वळून, "शांती पायजे ना तुमाला? तार काढायला सांगा. पाय ज्याचे त्यानं धुवावेत." आणि त्यांनी घंगाळाला लाथ मारली. पाणी पडवीच्या पायऱ्यांवरून अंगणात गेलं. लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी 'बाबा शांतपणे उठून गेले' असं लिहिलं होतं. एक आख्खा दिवस ते वाक्य मला छान वाटत होतं. मग लाज वाटली आणि लाथ परत घातली. बाहेर पडताना आमची आत्या कुजबुजली तेही घातलं: "घंगाळाला पोचा कशाला आणलास रं? चांगलं तांब्याचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तुमच्याकडे आले आणि तुम्हाला सॉरी म्हटलं. बाबांच्या वतीनं. तुम्ही मला कधी रागावला नव्हतात. त्या दिवशी रागावलात. "वडिलांच्या वतीनं माफी मागायची नाही. कधीच नाही. चूक माझी होती. ती उचलून स्वतःच्या घरी नेऊ नकोस." मला रडू आलं. तुम्ही पाणीसुद्धा विचारलं नाहीत, चपला घातल्यात आणि माझ्याबरोबर आमच्या घरी आलात.

बाबा ओट्यावर दाढी करत होते. तुम्ही उभ्याउभ्याच म्हणालात, "मी चुकलो. आता मी काय करू ते तुम्ही सांगा." बाबांनी अर्धी दाढी तशीच ठेवून तुमच्याकडे बघितलं. "साक्ष द्या. आमी कोर्टात जानार हाय. तुमी वाडीतच राहता, आमची मयतं त्या वाटेनं जाताना तुमी बघितलीत." तुमचा चेहरा मला आजही दिसतो. शेजाऱ्यावर कोर्टात जायचं नाही, हे तुम्ही आयुष्यभर शिकवलेलं, छापलेलं. त्यात तो शेजारी तुमचा घरमालक. तुम्ही म्हणालात, विचार करून सांगतो. बाबा म्हणाले, "करा इचार. तारेला घाई न्हाय."

तुम्ही साक्षीला गेलात. अलिबागच्या कोर्टात बाबांनी मला नेलं होतं. शाळा बुडवून, मुद्दाम. शपथ घ्यायला सांगितल्यावर तुम्ही नाही म्हणालात. मालकांचा वकील हसून म्हणाला, "देवाचं नाव घ्यायला साक्षीदार कचरतोय, साहेब." तुम्ही म्हणालात, "शपथ घेतली तरच खरं बोलणार असेन, तर एरवी मी काय बोलत असतो?" सगळे हसले, न्यायाधीशसुद्धा. त्यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञेवर सांगायची परवानगी दिली. मग तुम्ही सांगितलंत, की या वाटेनं प्रेतं जाताना मी पाहिली आहेत आणि एकदा मी खांदाही दिला आहे. खांद्याचं आम्हाला ठाऊक होतं. मालकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, आणि त्या बघण्यातच तुमचं घर गेलं हे मलाही कळलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला, तार निघाली. तुम्हाला वाडी सोडावी लागली. रेवदंड्याच्या बाजारात एका जाळ्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तुम्ही राहायला गेलात. स्वयंपाकघरातलं मोठं टेबल त्या जिन्यातून वर जाईना, म्हणून मला दिलंत. आत्ता त्याच्यावरच लिहितेय. सेमिनरीतून पत्रं आली, की शांतीचा माणूस एका बाजूचा झाला. व्याख्यानाची बोलावणी थांबली. आणि ज्यांनी थांबवली तेच आज तुमचा ग्रंथ काढतात, त्यात तुम्ही कोणाच्याच बाजूचे नव्हतात असं त्यांना हवंय. मी हे होऊ देणार नाही. तुमची चूक काढली तर पुढची साक्षही उगाचच दिल्यासारखी होते. मग उरतो तो एक गोड म्हातारा. तो मला माहीत नाही.

तुमच्याशीही भांडण आहे. नंतरच्या तुमच्या एका लेखात तुम्ही लिहिलंत, 'एका मित्रानं मला नम्रता शिकवली.' मी तो बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "मी कदी त्याचा मित्र झालो? आनि मी शिकवायला गेलो न्हवतो, वाट मागायला गेलो व्हतो." सर, बाबांचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या अपमानातून तुम्ही स्वतःसाठी धडा काढलात, आणि धड्यात वाट राहिली नाही. सेमिनरीला उत्तर देतानाही तुम्ही लिहिलंत, मी बाजू घेतली नाही, फक्त पाहिलं ते सांगितलं. का? घेतली होतीत ना बाजू! चांगलं केलंत. न्याय मागणाऱ्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय शांतीबद्दल बोलता येत नाही, हे तुम्ही करून दाखवलंत, आणि लिहायच्या वेळी पाय मागे घेतलात. हे तुम्ही असताना बोलायला हवं होतं, पण तेव्हा मला एवढे शब्द नव्हते, आणि शब्द आले तेव्हा तुम्ही नव्हतात.

हे मी बाबांसाठी करतेय, तुमच्यासाठी, की माझं वाक्य कोणी कापलं म्हणून? तिन्ही असेल. आई म्हणते, "छापून तर येऊ दे, थोडं कमी तर थोडं कमी." मालकांच्या मुलानं वाडी मुंबईच्या लोकांना विकली, तिथं आता निळ्या पाण्याचा टँक असलेला बंगला आहे, पण वाट आहे. आत्याला गेल्या वर्षी त्याच वाटेनं नेलं. बंगल्याचा वॉचमन कुत्रं धरून बाजूला उभा राहिला. थोडं कमी केलं असतं तर ती वाट नसती, असं मी आईला म्हटलं. तिनं भांडी जोरात आपटली, म्हणजे पटलं असावं.

लेख मी येत्या रविवारी आमच्या विहारात वाचणार आहे, सगळा, लाथेसकट आणि साक्षीसकट. तिथंही सोपं नाही. ग्रंथवाल्यांना चूक नको होती, इथं कौतुक नको असेल. आत्याचा मुलगा आत्ताच म्हणाला, "ताई, लढलो आपुन, डोकं फुटलं आपलं, आनि लेख पाद्रीबाबावर?" मी म्हटलं, ऐकून मग भांड. तो म्हणाला, "भांडनार तर हायेच." भांडू दे. तुमच्याबद्दल भांडण झालेलं मला चालेल. तुमच्या फोटोला हार घालून सगळे गप्प बसलेले चालणार नाहीत.

एक मात्र सांगते. माझा आवाज लोकांसमोर ठाम राहावा म्हणून आज दुपारी घरात कोणी नसताना मी लेख मोठ्यानं वाचून पाहिला. घंगाळापाशी आवाज नीट राहिला. कोर्टापाशीही राहिला, तुमच्याशी भांडते तिथं तर चांगलाच चढला. शेवटी एक साधी ओळ आहे, माहितीपुरती घातलेली, की सर रेवदंड्यालाच वारले. ती मला वाचता आली नाही.