रळियातच्या ताटासमोरची जागा

मी, जयसुखलाल मोहनजी दोमडिया, वय वर्षे एकाहत्तर, राहणार कृष्णनगर, भावनगर, मिठाच्या अगरावरचा निवृत्त मुकादम, हे माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर मांकड यांनी आज दुपारी मला वार, महिना आणि घरचा पत्ता विचारला. तिन्ही बरोबर आले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. रक्तदाबाचे म्हणाल तर तो एकशे अठ्ठावीस आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि हे नीट जमले तर पुन्हा करणार नाही.

कलम १. कृष्णनगरमधले माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ओसरी, माझी पत्नी रळियात हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. ती ते विकू शकते. चिरंजीव हिरेन याने तिला "बा, इथं फक्त एक सही कर" असे म्हणू नये. कागद आधी वाचून दाखवावा, मग पेन द्यावे.

कलम २. बँकेतल्या ठेवी रळियातला. तिच्यानंतर जे उरेल ते हिरेनला.

कलम ३. अगरावरचे माझे दंताळे आणि खाऱ्या पाण्याचा दाटपणा मोजायची काचेची नळी, माझ्या जागी आज जो मुकादम असेल त्याला द्यावी. नळी सरळ धरावी. वाकडी धरली तर ती खोटे बोलते. हे मी चौघांना शिकवले आणि चौघेही विसरले.

कलम ४. छबीलदास नानजी गोहेल हा माझा पन्नास वर्षांचा मित्र. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे वकीलसाहेब सांगतात, म्हणून त्याला साक्षीदार केले आहे.

कलम ५. पेन्शनर मंडळाने मला दिलेली शाल कोणालाही देऊ नये. भांडी पुसायला चालेल. याचे कारण लिहिणे भाग आहे.

मी निवृत्त झालो तेव्हा माझा रक्तदाब एकशे ऐंशी होता. सकाळी गाठिये आणि तळलेली मिरची, दुपारी पापड, रात्री खिचडीवर लोणच्याचा खार, असे माझे छत्तीस वर्षे चालले होते. डॉक्टर म्हणाले, "जयसुखभाई, मीठ सोडा."

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, माझा जन्म मीठ पिकवण्यात गेला."

"पिकवलंत ना? मग लोकांना खाऊ द्या की."

तेव्हा मी शिस्तीने सुरुवात केली. पहिल्या महिन्यात गाठिये सोडले, दुसऱ्यात पापड, तिसऱ्यात लोणचे. बाजरीचा रोटला, दुधीची भाजी, मूग, बिनमिठाचे ताक. पहाटे चालणे. छबील दर रविवारी गरम गाठियांचे पुडके घेऊन यायचा आणि म्हणायचा, "घे की, एकानं काय मरतोस?" मी पुडके दोन बोटांनी बाजूला सारत असे. तसे सारताना मला फार बरे वाटे. आठ महिन्यांत माझा रक्तदाब एकशे तीसवर आला. मंडळाने शाल घातली. निवृत्तीनंतरचा आहार या विषयावर मी चाळीस मिनिटे बोललो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या रळियातकडे बोट दाखवून म्हणालो की घरच्यांची साथ लागते.

बाजूला सारलेले पुडके पुढे कुठे जाते, हे मी कधी विचारले नाही.

ते रळियातच्या पोटात जात होते. ती माझे जेवण झाल्यावर, तीनच्या सुमारास, ओट्यापाशी उभ्याने जेवत असे. वर्षाचे पापड दोघांच्या मापाने लाटलेले होते, लोणच्याच्या दोन बरण्या दोघांसाठी भरलेल्या होत्या, आणि त्यातला एक माणूस अचानक साधू झाला होता. माझ्यासाठी बिनमिठाचे वेगळे करून, मी सोडलेले सगळे ती एकटी संपवत होती. माझा पारा जसा खाली आला तसा तिचा वर गेला.

श्रावणात एका दुपारी तिच्या उजव्या हातातून आमटीची वाटी पडली. तिने ती उचलायला हात पुढे केला आणि हात गेलाच नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, "या रोज काय जेवतात?" चाळीस मिनिटे भाषण केलेल्या माणसाला याचे उत्तर येत नव्हते. लग्नाला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती. ती घरी आल्यावर मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मग काय टाकून द्यायचं? अन्न आहे ते."

मला याची लाज वाटते. कायद्याच्या भाषेत ती कशी लिहितात मला माहीत नाही, म्हणून साधी लिहितो.

कलम ६. तेव्हापासून आमची दोन ताटे एकदम वाढली जातात. दुपारी बारा, संध्याकाळी साडेसात. ती डाव्या हाताने जेवते, मी समोर बसतो. जे माझ्या ताटात तेच तिच्या. उरले तर गायीला. नऊ वर्षे हे चालले आहे आणि तिची प्रकृती ठीक आहे. मात्र गेल्या दिवाळीनंतर मी चार दिवस सुरतेला हिरेनकडे गेलो, तेव्हा ती चार दिवस चहा आणि शिळ्या भाकरीवर राहिली. डबा पाठवणाऱ्या शेजारणीला म्हणाली, "एकटीसाठी ताट काय मांडायचं?" डबे तिने झाडणाऱ्या बाईला दिले.

म्हणून मी गेल्यावर काय होईल याची मला काळजी आहे. मरणाची तेवढी नाही.

हिरेनशी फोनवर बोललो. तो म्हणाला, "बापुजी, स्वयंपाकाला बाई लावू. दोन्ही वेळचं करून जाईल."

"करून जाईल. समोर बसेल का?"

"आता हे काय मृत्युपत्रात लिहिणार तुम्ही?"

लिहीत आहे. घर त्यालाच मिळावे जो तिच्यासमोर बसून जेवेल, असे कलम मी आधी केले होते. वकीलसाहेबांनी ते खोडले. "जयसुखभाई, कोण कोणासमोर जेवलं हे कोर्ट कुठं बघत बसणार?" तेव्हा ही अट नाही, विनंती आहे. हिरेन आणि सूनबाई अल्पा यांनी रळियातला सुरतेला न्यावे किंवा इथे यावे, ते तिला विचारून ठरवावे. तिच्याबरोबर जेवायला बसावे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. आणि आपल्याला नको झालेले काहीही तिच्यासाठी ठेवू नये. ती मागेल तरी देऊ नये. ती नक्की मागेल.

कलम ७. हे कलम आज संध्याकाळी वाढवले आहे. वरचे सर्व मी रळियातला वाचून दाखवले. ती डाव्या हाताने मेथी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "सगळं माझंच लिहिलंत. मी आधी गेले तर?"

मी म्हणालो, "मला सवय लागली आहे. मी वेळेवर आणि नीट जेवेन."

"जेवाल हो. पण बोलाल कोणाशी?"

मी कागदावर 'कलम ७' एवढेच लिहिले आणि पेन खाली ठेवले. वकीलसाहेब म्हणाले की कलमाला आकडा घातला आहे, तेव्हा खाली काहीतरी लिहावेच लागेल. म्हणून लिहितो की रळियातने आधी जाऊ नये. आणि मीही जाऊ नये. हे कायद्यात बसत नसेल तर एवढे वगळावे, त्यामुळे बाकीचे मृत्युपत्र बाद होऊ नये.

वरील मजकूर माझाच आहे. तो मी शुद्धीवर असताना, साक्षीदारांच्या समोर सही करून पुरा केला आहे.

(सही) जयसुखलाल मोहनजी दोमडिया

साक्षीदार :
१. डॉ. किरीट मांकड (सही)
२. छबीलदास नानजी गोहेल (सही)

भावनगर, दिनांक ९ फेब्रुवारी २०२३