न सुटलेली वायर आणि घराची वाटणी

शाळेत आम्ही कविता एका सुरात म्हणत असू, आणि ओळ मध्येच जिथे थांबते तिथे सगळा वर्ग बाकाखाली पाय आपटत असे. धप्. मास्तर सांगत, "हा यति. इथे श्वास सुटला पाहिजे, नाहीतर ओळ ओढली जाते." तो आवाज आज सकाळपासून कानात आहे, म्हणून आधी तोच कागदावर उतरला. कायद्याला त्याचे काही नाही. आता कायद्याचे लिहितो.

मी, खाली सही करणारा, लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाचा मालक, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या पश्चात करायची व्यवस्था लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. गुडघ्यांचा उल्लेख त्यांनी टाळला.

माझी पत्नी हयात नाही. वारस दोन. थोरली मुलगी माझ्याबरोबर दुकान सांभाळते. धाकटा मुलगा लॅपटॉप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. आई गेल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत आणि मुलगा या घरात आलेला नाही. हे मृत्युपत्र लिहायला हात जड झाला तो त्यामुळेच.

कलम पहिले. तळमजल्यावरचे दुकान, त्यातली सर्व हत्यारे, सोल्डरिंगची दोन्ही यंत्रे आणि भिंगाचा दिवा मुलीला. यावर कोणाचा वाद नाही. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे असलेले ड्रिल मशीनसुद्धा मुलीचेच. ते गृहस्थ त्याला "आपलं मशीन" म्हणतात. ते माझे आहे.

कलम दुसरे. जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप मुलाला. याची हकीकत लिहिणे भाग आहे.

हा लॅपटॉप मुलाच्या कंपनीचा, त्यानेच आईला भेट दिलेला. आमची ही त्यावर शिकवणीच्या मुलांना गणित शिकवत असे. आधीच्या लॅपटॉपची चार्जिंगची वायर चुंबकाने चिकटायची आणि धक्का बसला की आपोआप सुटायची. नव्यात साधी घट्ट पिन. चुंबक काढून टाकावे असे कंपनीच्या ज्या बैठकीत ठरले, तिथे आमचे चिरंजीवही होते. जेवताना मोठ्या कौतुकाने सांगत होता, "बाबा, फोनला, लॅपटॉपला, सगळ्याला एकच चार्जर. कचरा किती वाचतो, बघा."

"आणि वायरीत कोणाचा पाय अडकला तर?" मुलीने विचारले.

"पाय उचलून चालायचं."

त्यावर सगळे हसलो. सगळ्यात जास्त हिला हसू आले.

पुढे एका दुपारी गॅसवर दूध उतू जायला लागले म्हणून ही टेबलावरून घाईने उठली. वायर पायात आली. ती सुटली नाही. लॅपटॉप टेबलावरून सरकला, मुलाने दिलेली वस्तू म्हणून ही त्याला धरायला वळली आणि तशीच कुशीवर पडली. लॅपटॉपवर ओरखडाही नाही. हिच्या खुब्याचे हाड मोडले. अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, चार माणसांदेखत, मुलगी भावाला म्हणाली, "आईनं पाय उचलून चालायला हवं होतं, नाही का रे?"

तो आईचे सगळे होईपर्यंत थांबला आणि गेला.

तो लॅपटॉप मोडीत काढायचा असे मुलीचे म्हणणे. मी काढू दिला नाही. मुलाने तो वापरावा, कपाटात ठेवून पुजू नये.

कलम तिसरे. हा मिळकतीचा भाग नाही, पण या विषयात माझे आयुष्य गेले आहे, तेव्हा माझे मतही वारसाहक्कात धरावे. लॅपटॉपला चुंबकाची वायर हवी का? ओढली गेल्याने खिळखिळी झालेली सॉकेटे दुरुस्त करूनच आमचे घर चालले. ज्या घरात माणसे ये-जा करतात, तिथे वायरीला सुटायची जागा असलीच पाहिजे, जशी ओळीला असते. पण आमच्या एक वकीलबाई अंथरुणात बसून लिहीत. त्यांचे चुंबक पांघरुणाखाली गुपचूप सुटले, बॅटरी संपली, आणि रात्रभर रचलेला युक्तिवाद गेला. दुकानात येऊन म्हणाल्या, "काका, हे लाडावलेलं चुंबक नको मला. हात लावला की रुसतं. घट्ट पिनवाला द्या." त्याही खोटे बोलत नव्हत्या.

म्हणून मुलाने बैठकीत जे केले ते पाप नव्हते. आणि मुलीने जेवताना जे विचारले ते खुसपट नव्हते. दोघांनी हे माझ्या तोंडून ऐकून घेतले नाही, म्हणून इथे लिहितो. आता ऐकावे लागेल.

कलम चौथे. माझी शाळेची कवितांची पुस्तके ज्याला पाठ म्हणायची असतील त्याला. नुसती कपाटाच्या शोभेला कोणी मागितली तर देऊ नयेत.

कलम पाचवे. राहते घर. ते माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीतून घेतलेले असून त्यावर कोणाचा बोजा नाही. काल मुलीला मी घर दोघांच्या नावे करायचा विचार सांगितला. तिने शांतपणे उत्तर दिले, "बाबा, घरावर त्याचं नाव लागलं तर दुकानाची किल्ली या टेबलावर ठेवून मी जाईन. तुम्ही मागे हाका मारू नका."

ती बोलते तसे करते. ती गेली तर दुकान बंद, आणि हे घर माझ्या एकट्याच्या खोकल्याला फार मोठे. मुलाचे नाव गाळले तर तो कधीच येणार नाही, आणि त्याला न येण्याचे कारण माझ्या सहीने मिळेल. रात्रभर कूस बदलत होतो. तरीही लिहितो: घर दोघांना समसमान, अविभक्त. एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला विकता येणार नाही. बँकेत उरेल तेही तसेच.

पोरी, रागाव. पण मी असेपर्यंत तरी थांब.

साक्षीदार: शेजारच्या दुकानाचे शिंपीकाका. दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाई.
ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
तारीख: सहीच्या वेळी घालावी.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर, दोन्ही साक्षीदारांसमक्ष. पेन उचलले तेवढ्यात दार वाजले. मुलीने उघडले. दारात सूनबाई, एकटीच. तिला कोणी बोलावले नव्हते. ती माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाली, "ताई, ते खाली फाटकाशी उभे आहेत. वर आलेलं चालेल का, असं तुम्हाला विचारायला सांगितलंय. बाबांना नाही, तुम्हाला."

शिंपीकाकांनी खोकला दाबला. मुलीने दाराची कडी सोडली.

मग म्हणाली, "एवढ्या उन्हात उभं कशाला केलंस त्याला?"