हरकत न आल्यास

ही वही ज्यांच्या हाती येईल त्यांनी आधी एवढे वाचावे.

१. १६ जून २०२५ रोजी मी सोलापुरात पाच ग्रंथालयांच्या सामाईक कॅटलॉगचे काम हाती घेतले.
२. ४ जुलैला मी एक नियम केला: दोन नोंदी एक करण्याच्या प्रस्तावावर पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर संमती धरावी.
३. २२ जुलैला त्या नियमाने २१२ नोंदी रद्द झाल्या.
४. त्यांतल्या किमान ३१ नोंदी वेगळ्या माणसांच्या होत्या.
५. ती माणसे आता नाहीत.
६. पुढच्या यादीत माझी नोंद आहे.

पुढची पाने तारखेप्रमाणे आहेत. मागाहून काही बदललेले नाही.

सोमवार, १६ जून

रुजू झाले. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला, म्हणून उन्हाचा त्रास कमी. टेबल नवे आहे, खुर्ची जुनी पण चांगली. इंजिनिअरिंग करून ग्रंथालयशास्त्राकडे वळले तेव्हा घरी कोणाला पटले नव्हते. आज पहिल्यांदा वाटले की माझे बरोबर होते.

आमचे ग्रंथपाल बापूसाहेब घाडगे. रिटायर व्हायला दोन वर्षे राहिली आहेत, असे त्यांनी स्वतःच पहिल्या पाच मिनिटांत सांगितले. माझा शोधप्रबंध त्यांनी ग्रंथालयासाठी मागून घेतला आणि म्हणाले, पहिली नोंद स्वतःचीच करा. केली. मेटकरी, सृष्टी बिभीषण, जन्म १९९७. क्रमांक ६०४११८. स्वतःचे नाव पाच ग्रंथालयांच्या पडद्यावर एकदम उमटलेले पाहून बरे वाटले.

शेजारच्या टेबलावर माजिदा मॅडम. तीस वर्षे कार्डे लिहिली, आता तेच काम संगणकावर करतात. मला बेटा म्हणतात. सात रस्त्याजवळ खोली मिळाली आहे. पाणी पाच दिवसांनी येते, म्हणून घरमालकिणीने दोन पिंपे दिली.

मंगळवेढ्याला वडिलांना, आप्पांना, फोन केला. त्यांनी विचारले, पुस्तकं लावायला इंजिनेर कशाला लागतोय गं? मग स्वतःच हसले.

गुरुवार, १९ जून

काम समजले. पाचही ग्रंथालयांची पुस्तके एकाच ठिकाणी शोधता यावीत म्हणून त्यांच्या नोंदी एकत्र केल्या आहेत. पण प्रत्येकाने लेखकाची नोंद आपापल्या पद्धतीने केली होती, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी झाल्या आहेत. यंत्र जुळणारी नावे शोधते. मी प्रस्ताव पाठवते. इतर चार ग्रंथालयांनी पाहून कळवायचे: एकच व्यक्ती, की दोन. एकच असेल तर जिच्यावर जास्त पुस्तके आहेत ती नोंद राहते, दुसरी रद्द होते आणि तिची पुस्तके पहिलीला मिळतात.

चाळीस प्रस्ताव पाठवले.

शुक्रवार, ४ जुलै

पंधरा दिवसांत एकही उत्तर नाही. फोन केले. मोहोळच्या कॉलेजचे कल्लप्पा सर म्हणाले, मेल बघतो. दुसऱ्या ठिकाणी जागाच रिकामी आहे. तिसऱ्या ठिकाणी, मेल आला नाही म्हणाले. चौथ्या ठिकाणी फोन वाजून थांबला. त्यांचा दोष नाही. सगळीकडे एक माणूस तिघांचे काम करतो. पण मीही थकले.

म्हणून नियम लिहिला. पंधरा दिवस, सुट्ट्या धरून. हरकत न आल्यास संमती. प्रस्ताव गेला की दोन्ही नोंदींना कुलूप, म्हणजे मध्येच कोणी फेरफार करणार नाही. प्रस्ताव पाठवणाऱ्या ग्रंथालयाची स्वतःची हरकत धरायची नाही, नाहीतर घोळ होतो. मुदतीच्या आदल्या दिवशी यंत्र जुळणी सुरू करेल. मुदतीला संध्याकाळी पाच वाजता जुना क्रमांक रद्द. हे सगळे आपोआप.

बापूसाहेबांनी समितीची मंजुरी फोनवरच घेतली आणि सही केली. म्हणाले, उत्तर न देणाऱ्या लोकांना हाच इलाज.

सोमवार, ७ जुलै

सकाळी २१२ प्रस्ताव पाठवले. यंत्राला नाव, वडिलांचे नाव आणि जन्मवर्ष जुळले की पुरते.

दुपारी माजिदा मॅडमची भाची डबा घेऊन आली. कडक भाकरी, शेंगाचटणी. बारीक चणीची, हनुवटीवर टाक्यांची जुनी खूण, डावखुरी. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये सही करताना शाई तळहाताला लागली, ती ओढणीला पुसली आणि खालाकडून, म्हणजे मावशीकडून, बोलणी खाल्ली. मोहोळला सकाळच्या शाळेत शिकवते. जोंधळ्यावरच्या खोडमाशीवर तिचा प्रबंध आहे. नाव आयेशा राजेसाब मुजावर.

हे नाव सकाळच्या यादीत होते. एक नोंद खोडमाशीची, दुसरी चादर विणणाऱ्या बायकांच्या श्रमाची. म्हणजे दोन्ही प्रबंध हिचेच, असे मी धरले. ती माझ्यापासून सहा फुटांवर बसली होती. विचारता आले असते. विचारले की गप्पा सुरू होतात, म्हणून विचारले नाही.

बुधवार, २३ जुलै

काल पाच वाजता काम पूर्ण. २१२ नोंदी कमी झाल्या. एकही हरकत नाही. बापूसाहेबांनी पेढे आणले.

माजिदा मॅडमची भाची पुन्हा डबा घेऊन आली. उंच, चष्मा, चाळिशीजवळची. उजव्या हाताने सही केली. चटणी आज जरा तिखट होती.

शुक्रवार, २५ जुलै

एका प्रस्तावाची तारीख पाहण्यासाठी ७ जुलैचे पान उघडले आणि वाचले.

बारीक चणी. टाके. डावखुरी.

मला तसे आठवत नाही. मला उंच, चष्म्यातली आयेशाच आठवते, पहिल्या दिवसापासून. पण अक्षर माझे आहे, शाई माझी आहे आणि मी पाहिले नाही ते लिहीत नाही.

रजिस्टर काढले. ७ जुलैच्या सहीवर शाई डावीकडून उजवीकडे फरफटली आहे. २३ जुलैची सही स्वच्छ.

माजिदा मॅडमना विचारले, तुमच्या किती भाच्या. त्या हसल्या.

"एकीच तो है, बेटा. तुमकू दो दिखे क्या?"

मग अभिमानाने सांगू लागल्या, पोरीने दोन-दोन प्रबंध लिहिले, एक जोंधळ्याचा, एक चादरींचा. दोन्ही २०१४ साली, दोन वेगवेगळ्या विद्यापीठांत, दोन्हीकडे हजेरी लावून. एका वर्षात एक मुलगी दोन ठिकाणी कशी, हे त्यांना विचित्र वाटले नाही. मी विचारेपर्यंत मलाही वाटले नव्हते.

मंगळवार, २९ जुलै

प्रबंधांच्या सुरुवातीच्या पानांवर विद्यार्थ्याची सही असते. चार दिवस दोन-दोन सह्या शेजारी ठेवून पाहते आहे. २१२ पैकी ३१ जोड्यांत सह्या वेगळ्या माणसांच्या आहेत. बाकीच्या जोड्यांतली सगळी पाने मिळाली नाहीत.

खोडमाशीच्या प्रबंधासाठी नवी नोंद उघडून पाहिली. आयेशा मुजावर, नवा क्रमांक. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन उंच बाईच आली. नवा क्रमांक म्हणजे नवी नोंद. रद्द झालेला क्रमांक यंत्र परत देत नाही, कारण तसे मीच सांगितले होते.

एकतीस नावे वहीच्या मागच्या पानावर हाताने लिहिली. दुसरे काय करायचे ते सुचले नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

बापूसाहेबांना आपोआप चालणारे काम थांबवायला सांगितले. कारण म्हणून सह्या दाखवल्या. त्यांनी नीट पाहिल्या. म्हणाले, माणसाची सही बदलते हो, माझीच बघा. पुन्हा म्हणाले, समितीची पुढची बैठक ऑक्टोबरात, तोवर मला एकट्याला थांबवता येत नाही. इतकी वर्षे हे काम रखडले होते, तुम्ही आलात आणि मार्गी लागले.

त्यांनी ते मनापासून म्हटले. मी जागेवर येऊन बसले. रडावे असे वाटले नाही. नुसते झोपावेसे वाटले.

बुधवार, १३ ऑगस्ट

यंत्राने नवी यादी काढून पाठवली. ८८ प्रस्ताव.

सत्तेचाळिसावा: मेटकरी, सृष्टी बिभीषण, १९९७. दोन नोंदी.

६०४११८. एक शोधप्रबंध.

५११९०२. तीन पुस्तके. चौथ्या ग्रंथालयाची नोंद. ही बाई कोण, मला माहीत नाही.

जिच्यावर जास्त पुस्तके, ती राहते.

मुदत: गुरुवार, २८ ऑगस्ट.

गुरुवार, १४ ऑगस्ट

नोंदीला कुलूप आहे. उघडत नाही. माझ्या ग्रंथालयाची हरकत धरली जात नाही. आणखी एखादे पुस्तक माझ्या नावावर चढवता येत नाही. सगळ्या वाटा मी स्वतःच नीट बंद केल्या आहेत. काम चोख आहे.

चार ग्रंथालयांना मेल. एका ग्रंथालयाची एक हरकत पुरेल.

सोमवार, १८ ऑगस्ट

एसटीने मोहोळला गेले. कल्लप्पा सर वयस्कर, भला माणूस. चहा मागवला. मी कारण सांगितले नाही, दोन वेगळ्या व्यक्ती आहेत एवढेच सांगितले. ते लगेच लिहायला बसले. त्यांचा पासवर्ड बाद झाला होता. नवा पासवर्ड माझ्याकडूनच मिळतो. मी तिथेच फोनवरून द्यायला गेले, तर माझा वापर स्थगित. वापरकर्ता म्हणून माझे नाव त्याच कुलूपबंद नोंदीला जोडलेले आहे.

सर म्हणाले, वरून कोणीतरी देईल. "करतो की मॅडम. एवढा गणपती होऊ द्या."

गणपती सत्तावीसला बसतात.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

दुसरे ग्रंथालय: जागा अजून रिकामी. तिसरे: मेल आला नाही.

चौथ्या ठिकाणी आज फोन उचलला. एका बाईने, आवाज गोड. मी नोंदीचे क्रमांक सांगितले. ती म्हणाली, अय्या, ही तर मीच. ग्रंथपाल आहे ती तिथली. सृष्टी बिभीषण मेटकरी.

मी तिला सगळे सांगितले. आयेशाचे, सह्यांचे, एकतीस नावांचे. आजवर कोणाला एवढे बोलले नव्हते. तिने मध्येच तोडले नाही. शेवटी म्हणाली, तुम्ही दमलाय, ताई, दोन दिवस रजा घ्या.

मी म्हटले, फक्त हरकत आहे एवढे कळवा.

"मला कसली हरकत असणार? सगळी पुस्तकं एका जागी येतील की."

तिच्या जागी मी असते तर हेच म्हटले असते.

रविवार, २४ ऑगस्ट

आप्पांना फोन. अजून माझा आवाज ओळखतात. सुट्टीला येते म्हटले. ये म्हणाले, मोदक तुझ्याच हातचे.

मी मोदक कधी केलेले नाहीत. मला आठवते त्याप्रमाणे तरी नाही. वहीत शोधले. त्याबद्दल काही लिहिलेले नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

मेल — पुन्हा चौघांना. तीन परत आले, सुट्टीचे ठरावीक उत्तर घेऊन. चौथीकडून काही नाही.

उद्या जुळणी सुरू होईल. रद्द परवा पाचला. तोवर हरकत आली तर सगळे पूर्ववत होते. हे मी तपासले आहे — नियमात आहे — मीच —

बुधवार, २७ ऑगस्ट

सकाळी एसटी स्टँडवर. मंगळवेढ्याची गाडी लागली होती. चढण्याआधी घरी फोन केला. मागे टाळ, आरती, भांड्यांचा आवाज. मी म्हटले, आप्पा, निघते आहे.

"कोण बोलतंय?"

सृष्टी, म्हटले.

"सृष्टी हितंच हाय की. मोदक वळायलीय. तुमी कोण, बाई?"

रागाने नाही. चुकीचा नंबर लागला की बोलतात तसे, अगदी आदराने.

गाडीत चढले नाही.

गुरुवार, २८ ऑगस्ट

११.२० — माजिदा मॅडमनी विचारले, कोणाला भेटायचंय. रजिस्टर पुढे केले. सही केली. खुर्ची दिली, पाणी दिले. बेटा म्हणाल्या — सगळ्यांनाच म्हणतात.

३.०५ — डबा आला. त्यातली अर्धी भाकरी मला दिली. उंच बाई. हनुवटीवर — काही नाही. तिला सांगावेसे वाटले की तू आणखी एक —

४.१० — आप्पांचा चेहरा — वहीत मी तो कुठेच लिहून ठेवलेला नाही. लिहायला हवा होता. उजव्या भुवईत —

४.३५ — माझ्याकडून मेल जात नाही. म्हणून इथे लिहिते. वही माजिदा मॅडमच्या टेबलावर ठेवीन. त्या वाचतील, कुठल्याही एका ग्रंथालयाला फोन करतील. कोणीही चालेल.

विनंती: या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, एवढेच लिहून कळवावे. कारण देण्याची गरज नाही. आज, गुरुवार २८ ऑगस्ट, सायंकाळी पाच वाजेपर्यंत कळवावे. उत्तरात दोन्ही नोंदींचे क्रमांक लिहावेत. तिचा ५११९०२. माझा