पाचवीत मिळालेली माफी परत घेण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
जिल्हा परिषद, सोलापूर.

विषय: माफी रद्द करून अर्जदार हिला बायबलच्या तासाला बसू देण्याबाबत.
संदर्भ: मुख्याध्यापिकाबाईंचा तोंडी नकार.

महोदय,

"येशू स्वतःच देव, तर बागेत गुडघे टेकून तो प्रार्थना कुणाची करत होता?" हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी शिवणाच्या तासाला लावली आणि अर्जदार हिने ते विचारले. प्रकरण इथून सुरू होते.

१. अर्जदार मिशनच्या मुलींच्या शाळेत दहावीत शिकते व लिंगायत आहे. पाचवीत नाव घालताना तिच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, 'मुलीस बायबलच्या तासातून माफी मिळावी' असे लिहून दिले. तेव्हापासून त्या वेळेत ती शिवणाला बसते. तिला काजे उत्तम येतात. त्याबद्दल तक्रार नाही.

२. पैजेच्या दिवशी ती बायबलच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसली. प्रश्न ऐकून तो तास घेणाऱ्या मार्थाबाई रागावल्या नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाल्या, "पोरी, याचं उत्तर लांबलचक आहे. पुढच्या तासाला ये." पैज तिथेच जिंकली होती. पण आता अर्जदार हिला उत्तरच हवे झाले, त्याला ती काय करणार?

३. पुढच्या तासाला मुख्याध्यापिकाबाईंनी दारातच अडवले आणि न विचारता बसलीस म्हणून माफी मागायला सांगितली. ती मागायला कार्यालयात गेली, तर कारकून म्हणाले, माफी तुला पाचवीतच मिळाली आहे, पुन्हा कशाला? मग बसू द्या म्हटले, तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, माफी आहे म्हणूनच बसता येत नाही. मार्थाबाईंच्या मते माफी देवाच्या कृपेने मिळते, मागणाऱ्याची लायकी बघून नव्हे. मिळालेली परत कशी करायची, हे मात्र त्यांनाही ठाऊक नाही. उत्तर त्या तासाबाहेर सांगत नाहीत, कारण लोक त्याला धर्मप्रचार म्हणतील.

४. नागरिकशास्त्राच्या भीमाशंकर सरांनी यंदा घटनेच्या सरनाम्यात 'धर्मनिरपेक्ष' हा नवा शब्द पेनाने लिहून घेतला. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्वांना आहे, हेही तेच शिकवतात. मग मी बसू का, असे विचारल्यावर म्हणाले, धर्म ही खाजगी बाब, ती घरी विचारावी. शिवाय तू अज्ञान आहेस. अज्ञान म्हणजे कायद्याने लहान, पालकांची संमती लागते. साहेब, अज्ञान आहे म्हणूनच तर ती विचारते आहे.

५. घरी विचारले. आप्पा म्हणाले, "गळ्यात लिंग हाय आनि कानात येशू व्हय? धर्म बदलायचाय का?" बदलायचा नाही, नुसते ऐकायचे आहे, असे सांगून पाहिले. त्यावर, असलं शाळेत विचारायचं, घरात नाही, असा निकाल लागला. तेवढ्यात भाकरी थापणारी अव्वा, म्हणजे आई, थांबली. "पर देवाला बी देव लागतो व्हय गं?" आप्पांनी टोपी घातली आणि ते दुकानात निघून गेले. संमती राहिली ती राहिलीच.

६. तरी सदर माफी शाळेने परत घ्यावी, ही विनंती. हा अर्ज अर्जदार हिने काल जेवताना आप्पा व अव्वा यांना वाचून दाखवला आणि सांगितले, "सही करा न्हायतर करू नका. सोमवारी मी बायबलच्या तासाला बसणार. हाताला धरून उठवलं तर उठीन, पर शिवणाला जाणार न्हाय."

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
कु. दाक्षायणी चन्नवीर कोनापुरे
सोलापूर, १६ जुलै १९७७