देवांची सभा आणि अक्काची हळद

गुरुवार, संध्याकाळ

पिशोरहून अक्काचा फोन आला. तिच्या लेकाचं लग्न ठरलंय. माझ्या बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदाच तिनं मला बोलावलं, आणि मी काय बोलले? "देवकाच्या पूजेला बसणार नाही." आधी पोराला आशीर्वाद तरी द्यायचा!

ती शांतपणे म्हणाली, "एवढं सांग, तुमच्या शास्त्रात दुसऱ्यांच्या देवांचं काय लिव्हलंय?"

खोटं कसं बोलू? म्हटलं, बऱ्याच ठिकाणी त्यांना लाकूड-दगडच म्हटलंय. पण एका स्तोत्रात देवांची सभा भरते आणि आमचा देव बाकीच्यांना झापतो. ते देव म्हणजे कोण? यहुदी धर्मगुरू म्हणतात न्यायाधीश. आमच्या चर्चचे पाळक कधी न्यायाधीश म्हणतात, कधी देवदूत.

"झापतो कशापायी?"

"गरिबाला, पोरक्याला न्याय दिला नाही म्हणून."

दाजी गेल्यावर अक्कानं लेकरं एकटीनं वाढवली. ती म्हणाली, "बरोबरच बोलला की. मीबी आमच्या देवाला रोज हेच बोलते."

त्या सभेवर मी किती प्रवचनं ऐकली! पण तिथं अक्का कधी दिसली नव्हती. आज दिसली, कमरेला पदर खोचून.

"देवकाच्या वेळी तू चुलीपाशी बस," ती म्हणाली. "पण हळद तू लाव. विधवेला लावू देत नाय, आई असली तरी."

पुन्हा ती सभाच आठवली. म्हटलं, "अक्का, पहिली हळद तू लावायची. मी शेजारी उभी राहते, बघू कोण अडवतं."

पलीकडून हळूच आलं, "व्हय."