पंप बसल्यानंतरचा दोर

आई, आज आपल्या आडावरच्या पंपाचं चामडं मी स्वतः बदललं. मिस्त्री आता थकलाय, त्याला पाना धरवत नाही, म्हणून तो कट्ट्यावर बसून सांगत होता आणि मी करत होतो. जुनं चामडं कडेला झिजून कागदासारखं पातळ झालं होतं. ते काढून धुण्याच्या दगडावर ठेवलं, आणि तुला जाऊन चौदा वर्षं झाली तरी माझा हात त्यावर फडकं टाकायला गेला. मिस्त्रीनं ते बघितलं. दुपारची बेळगावची गाडी पकडून कचेरीत जायचं होतं, ती सोडली आणि हे लिहायला बसलो.

तू पडलीस तो आषाढ मला नीट आठवतो. खानापुरात तेव्हा आठ दिवस ऊन नव्हतं. अंगणात शेवाळ धरलेलं, आणि तू ओलेत्यानं कळशी घेऊन येताना पाय सरकला. जांबोटीच्या म्हाताऱ्यानं खांदा बसवला, पण उजवा हात कानाच्या वर जाईना. मी बेळगावात कचेरीत कारकून, शनिवारी गाडीनं यायचो आणि सोमवारी पहाटे जायचो. भांड्याधुण्याचं पाणी शेजारच्या काकू भरून द्यायच्या. पण देवाचं पाणी आणि तुझ्या स्वयंपाकाचं पाणी सोवळ्यातलं, ते तू दुसऱ्या कुणाला शेंदू दिलं नाहीस. एका रविवारी मी दात घासत परसात आलो तर तू आडाशी उभी आहेस. डाव्या हातानं दोर ओढतेस, आणि पुढची पकड घेईपर्यंत तो दातात धरतेस. मला बघून तू दोर सोडला नाहीस. सोडला असतास तर कळशी खाली गेली असती.

त्या दिवशी जेवताना मी पंपाचं काढलं. तू ताक वाढता वाढता म्हणालीस, "पंपात चामडं असतंय म्हणतात. मी पखालीचं पाणी कधी घेतलं न्हाय, ते आता म्हातारपणी घेऊ व्हय? बिनचामड्याचा मिळतो का बघ, अण्णा. मिळाला तर आण. न्हायतर माझं चाललंय ते बरं चाललंय." तू मला घरात सगळ्यांसारखी अण्णाच म्हणायचीस.

बेळगावच्या बाजारात लोखंडी सामानाचं एक दुकान होतं. मालक बोलका माणूस. आड किती खोल, पावसाळ्यात पाणी कुठं, वैशाखात कुठं, सगळं त्यानं विचारलं. "उन्हाळ्यात वीस फुटांच्या आत पाणी असलं तर साधा ओढता पंप बसतोय. त्याच्या खाली गेलं की नुसती हवा ओढतोय." आपल्या आडाला वैशाखातसुद्धा पंधराच्या खाली पाणी जात नाही, हे मला ठाऊक होतं. मग त्यानं दोन पंप दाखवले. एक बिडाचा, काळा, आत चामड्याची वाटी. तो मला झेपणारा होता. दुसऱ्याची नळी पितळेची, आतल्या दट्ट्याला चामड्याऐवजी सुताची दोरी घट्ट गुंडाळलेली. निपाणीच्या एका तंबाखूवाल्यानं तो मुद्दाम मागवला होता आणि मग नेलाच नाही. त्याची किंमत ऐकून मी तो परत खाली ठेवला.

मी चामड्याची अडचण सांगितली तेव्हा मालक हसला. "तूप बुधल्यातनं येतंय, बुधला कशाचा? हिंग कशात बांधून येतोय? ते चालतंय, आणि एवढीशी वाटी चालत न्हाय?"

"तुम्ही येऊन आमच्या आईला सांगा," मी म्हणालो.

"मी? माझ्याच आईपुढं मला बोलायला येत न्हाय." मग तो जरा गंभीर झाला. "मास्तर, पितळेचा पाहिजे असंल तर दिवाळीपर्यंत दम धरा. तोवर कोण नेत न्हाय. मी भाव पाडतो."

मी मास्तर नव्हतो, पण त्याला तसं सांगितलं नाही. दिवाळीला तीन महिने होते. तीन महिने तू दोर दातात धरणार, हे मी मनाशी म्हटलं, आणि ते खरंच होतं. पण त्याबरोबर हेही होतं की येत्या शनिवारी पंप घेऊन गाडीतून उतरायचं मी आधीच ठरवून टाकलं होतं. स्टेशनपासून घरापर्यंत हमालाच्या डोक्यावर पंप, वाटेत चार जण विचारतील, काय रे, काय आणलंस. मी बिडाचा घेतला.

मिस्त्रीनं अर्ध्या आडावर फळ्या टाकून पंप बसवला. अर्धा आड उघडाच ठेवला, पोहरा पडला तर काढायला. तू लांब उभी राहून बघत होतीस. काकूंना बोलावून तू पंपाला हळदकुंकू लावायला लावलंस, स्वतः नारळ ठेवलास. मग विचारलंस, "आत काय असतं रं?"

"रबर," मी म्हणालो.

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पाना फिरवायला लागला. काकू म्हणाल्या, "आणि रबर कशाचं असतंय?"

"झाडाचा चीक."

"मग चालतंय की," तू म्हणालीस, आणि डाव्या हातानं दांडा धरून खाली दाबलास. तीन-चार दाबात पाणी आलं. तू हात धुतलेस, तोंडावर पाणी घेतलंस, आणि पदर न लावता तशीच उभी राहिलीस. तुझा चेहरा तसा मी त्याआधी आणि त्यानंतर बघितला नाही. मला तेव्हाच सांगता आलं असतं. निघताना मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "रोज तांब्याभर पाणी वरनं वतायला सांगा. न्हायतर चामडं वाळतंय." मी तुला सांगितलं, पाणी ओतत जा, न्हायतर हवा ओढतो. चामडं हा शब्द गाळला.

पुढच्या वर्षी चैत्रात तू पंधरा दिवस जांबोटीला मावशीकडं गेलीस. ओतायला कुणी नव्हतं, चामडं वाळून चिरलं. परत आलीस तर पंपाला पाणी नाही. मी बेळगावात. काकूंनी मिस्त्रीला बोलावलं आणि त्यानं पंप खोलला. त्या दिवशी काय झालं ते मला तू गेल्यावर समजलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी तापात गेलीस, चार दिवसांत. तेरावं झाल्यावर मिस्त्री भेटायला आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "अण्णा, एक सांगायचं ऱ्हायलंय. मी ते चामडं काढलं तेव्हा आई मागं येऊन उभ्या होत्या. मी फडकं टाकाय गेलो. म्हणाल्या, झाकू नको, बघितलं मी. बसव नवीन. आणि अण्णाला सांगू नको, त्याला वाईट वाटंल. त्यानं माझ्या खांद्यापायी आणलाय."

नंतर मी देवघराच्या दारामागं बघितलं. खुंटीवर काथ्याचा दोर होता, त्याच्या टोकाला कळशीऐवजी छोटा तांब्या बांधलेला. पंप बसून तीन वर्षं झालेली, दोर वाळून कडक व्हायला हवा होता. तो मऊ होता, मधोमध ओला होता. तांब्या लहान, कारण कळशी पेलत नव्हती. म्हणजे देवाच्या एका घागरीला किती खेपा, ते मी मोजलं नाही.

सगळ्यात जास्त मला एक शनिवार आठवतो. चामडं निघाल्यानंतरचाच असला पाहिजे. मी ओसरीवर जोडे काढतोय आणि परसात काकू तुला म्हणतायत, "सगळ्या पंपात चामडंच असतंय म्हणं. आमचा जावई सांगत होता. तुमचं सोवळं गेलं की हो पाण्यात."

तू म्हणतेस, "गेलं असंल दुसऱ्याचं. आमच्यात रबर हाय. आमच्या अण्णानं चार दुकानं फिरून, बघून आणलाय."

मी एकच दुकान बघितलं होतं. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी आत येऊन तुझ्या हातचं पाणी मागितलं. तू तांब्या भरून दिलास. ते पंपाचं होतं की दोराचं, मला आता सांगता येणार नाही.

दिवाळीत मी त्या दुकानात गेलो नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीतही नाही. पितळेचा पंप कुणी नेला का, हेही विचारलं नाही. तुझ्यासमोर बसून "आई, ते चामडं आहे" एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. तू रागावली असतीस, एक दिवस जेवली नसतीस कदाचित. मग आपण दोघं मिळून काहीतरी केलं असतं. मी रोज शेंदायला नव्हतो, पण बदली मागता आली असती, नाहीतर खोली सोडून रोज गाडीनं येजा करता आली असती. पुष्कळ जण करतात. मीही करू लागलो, तू गेल्यावर.

चामडं बसवून झाल्यावर मिस्त्रीनं दांडा मारून बघायला सांगितलं. पाणी आलं. तो ओंजळीनं प्यायला, मीही प्यालो. चांगलं पाणी आहे, आई, आधीही चांगलंच होतं.

हा कागद घडी करून देवघरातल्या त्याच खुंटीच्या खाली, फळीवर ठेवीन. दुसरीकडं पाठवायची सोय नाही. पण ठेवण्याआधी वर एक चुकीचं लिहिलंय ते नीट केलं पाहिजे. दोर ओला आहे हे मला तू गेल्यावर समजलं, असं लिहिलं. तसं नाही, तेराव्यानंतर तो ओला राहिलाच नसता. तू जायच्या आधीच्या माघात, सोमवारी पहाटे, मी टोपी घ्यायला देवघराच्या दारामागं हात घातला आणि हाताला दोर लागला. पाऊस नव्हता, काही नव्हतं. तू चुलीशी पाठमोरी बसली होतीस. मी हात धोतराला पुसला, टोपी घातली आणि गाडीला निघालो.